राण्यांची बंडे आणि सत्तरीची पोटापाण्याची गोष्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्तरी हा गोव्यातला डोंगराळ तालुका, आणि राणे हे तिथले पोर्तुगिजांविरुद्ध बंडे करणारे घराणे. दर जानेवारीत तिथल्या नाणूसच्या किल्ल्यावर दीपाजी राण्यांना मानवंदना झाली की पुढचे दोन-तीन आठवडे मला प्रश्न येत राहतात. कॉलेजच्या मुलांचे असतात, जमिनीच्या दाव्यात अडकलेल्या शेतकऱ्यांचे असतात, मुंबईला स्थायिक झालेल्या पण मूळ सत्तरीच्या लोकांचेही असतात. बंडातल्या शौर्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. त्या बंडांनी गावाच्या शेताचे, घराचे, बाजाराचे काय केले, हे फारसे कोणी सांगत नाही आणि लोक नेमके तेच विचारतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. राण्यांचे बंड एकच होते की अनेक?

अनेक. लोकांच्या तोंडी 'राण्यांचे बंड' असा एकवचनी उल्लेख असतो, पण १८ व्या शतकापासून सत्तरीत पोर्तुगीज सत्तेविरुद्ध वारंवार उठाव झाले. त्यांतले चार लक्षात ठेवावेत. २६ जानेवारी १८५२ रोजी दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला, आणि ते बंड १८५५ मध्ये समझोत्याने मिटले. १८६९ ते १८७१ कुष्टोबा राण्यांचे. १८९५ ते १८९७ दादा राण्यांचे, ज्याला बंडखोर मराठा शिपायांची जोड मिळाली. आणि शेवटचे १९१२ चे. म्हणजे साठ वर्षांत चार वेळा. सत्तरीत १८४५ च्या सुमारास जन्मलेला माणूस सत्तर वर्षांच्या आसपास जगला असेल, तर त्याने आयुष्यात चारही पाहिली असणार. पुढची सगळी उत्तरे वाचताना हा हिशेब मनात असू द्या.

२. ही बंडे सत्तरीतच का झाली? बारदेश-सासष्टीत का नाहीत?

तिसवाडी पोर्तुगिजांकडे १५१० मध्ये गेली, बारदेश आणि सासष्टी १५४३ मध्ये. या जुन्या काबिजादी. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा मुलूख त्यांच्या हाती आला तो १७६३ ते १७८८ या काळात. या नव्या काबिजादी. सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास आली. जुन्या काबिजादींत पोर्तुगीज कायदा, चर्च आणि कोमुनिदाद (गावाच्या सामाईक जमिनीची संस्था, म्हणजे गावकरी) अडीचशे वर्षे मुरले होते. सत्तरीत सरकार म्हणजे एक तैनाती तुकडी आणि वसुलीचा माणूस, एवढेच.

भूगोलही बंडखोरांच्या बाजूने होता. मागे सह्याद्री, मध्ये म्हादई नदी आणि तिचे ओहोळ, दाट रान, उत्तरेला सावंतवाडीचा आणि घाट चढला की बेळगावचा मुलूख. पाठलाग झाला तर पलीकडे जायचे, पाऊस सरला की परत यायचे.

पण रान आणि डोंगर काणकोणातही आहेत, सांग्यातही आहेत. फरक पडला तो जमिनीच्या हक्कात. त्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

३. 'मोकासो' म्हणजे नक्की काय? आमच्या आजीच्या बोलण्यात हा शब्द सारखा यायचा.

मोकासा (आपण गोंयकार बोलताना मोकासो म्हणतो) म्हणजे चाकरीच्या बदल्यात दिलेला गावाच्या उत्पन्नाचा हक्क. सावंतवाडीच्या भोसल्यांची सत्ता असताना राण्यांकडे सत्तरीतल्या गावांचे मोकासे होते. गाव कसायचे कुळाने, वसूल घ्यायचा मोकासदाराने, आणि त्यातला ठरलेला वाटा वरच्या सत्तेला.

पोर्तुगीज आले तेव्हा त्यांना या डोंगरी मुलखात स्वतःची वसुली बसवणे परवडणारे नव्हते. त्यांनी मोकासे मान्य केले. इथेच गुंता झाला. मोकासा हा जमिनीचा मालकी हक्क की फक्त वसुलीचा हक्क? सरकार सोयीप्रमाणे एक अर्थ लावी, मोकासदार दुसरा. आणि जो प्रत्यक्ष नांगर धरी त्याला या वादात कोणी विचारत नसे.

बारदेशात गावकरी होती, म्हणजे जमीन गावाची आणि गावकारांना तिचा हिस्सा. तिथल्या बऱ्याच गावांत बांध, मानशी (पाणी अडवायची दारे), देवालय, पाट यांचा खर्च गावकरीतून निघे. सत्तरीतल्या मोकाशाच्या गावांत अशी सामाईक तिजोरी उभी राहिली नाही. मला वाटते, सत्तरीच्या मागासलेपणाचा इतिहास लिहायला बसणाऱ्याने बंदुकीच्या आधी या फरकापासून सुरुवात करावी.

४. बंडे कर वाढल्यामुळे झाली, हे खरे का?

बऱ्याच अंशी. जमिनीवरचा वाढता सारा, रानावरची बंधने, मोकासदारांच्या हक्कांत ढवळाढवळ, ही कारणे प्रत्येक वेळी कमी-जास्त दिसतात. सत्तरीतली डोंगर-उतारावरची शेती म्हणजे कुमेरी. रान तोडायचे, जाळायचे, नाचणी-वरी पेरायची, दोन-तीन वर्षांनी जागा बदलायची. भाताचे शेत नसलेल्या घराला वर्षाचे पोट भरायला तिचाच आधार. सरकारने रान आपले म्हटले की कुमेरी गुन्हा ठरते. करवाढीपेक्षाही हा घाव खोल जातो, कारण कर पीक आल्यावर द्यायचा असतो आणि इथे पीकच काढू दिले जात नाही.

१८९५ चे कारण वेगळे होते. मोझांबिकमधल्या बंडाच्या बंदोबस्तासाठी गोव्यातल्या मराठा शिपायांना पाठवायचे ठरले. त्यांनी नकार दिला, १४ सप्टेंबरच्या सुमारास बंड केले आणि नाणूसला येऊन बसले. राणे नंतर त्यांना मिळाले.

५. बंडाच्या वर्षात एखाद्या गावाचे प्रत्यक्ष काय नुकसान होते?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

१८९५ ची तारीखच घ्या. सप्टेंबरचा मध्य. पावसाळी भात पोटरीतून बाहेर पडलेले, कापणी दोन-तीन आठवड्यांवर. अशा वेळी गावातले धडधाकट पुरुष एकतर बंडात सामील, नाहीतर बंडात ओढले जाऊ नये म्हणून रानात. कापणीला हात नाहीत. पिकलेले भात आठ दिवस जास्त उभे राहिले तर दाणा गळतो, डुकरे येतात, उशिराचा पाऊस आला तर लोंबी आडवी होऊन जागच्या जागी उगवते. आणि जे घरात आले त्यावर दोघांचा डोळा. बंडखोरांना खायला लागते, पाठलागावर आलेल्या पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या, फौजेलाही लागते. बियाणाचे भात सुद्धा ज्या घरातून गेले, त्या घराची पुढच्या वर्षाची शेतीही गेली.

दुसरी गोष्ट कुळागराची, म्हणजे पोफळीच्या बागेची. ज्यांनी कुळागर जवळून पाहिलेले नाही त्यांना हे सांगावे लागते. डोंगरातल्या झरीचे पाणी पाटाने उतरवायचे, पोफळीच्या ओळींमधून फिरवायचे, पाट दर वर्षी पावसानंतर साफ करायचा, बांध घालायचा, आणि हे एकट्या घराचे काम नसते. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात. एक उन्हाळा पाट फुटका राहिला तर कोवळी रोपे मरतात आणि मोठ्या झाडांचे वर शेंडे सुकतात. भाताचे नुकसान एका वर्षाचे. कुळागराचे नुकसान दहा वर्षांचे.

माझ्या आईचे माहेर सत्तरीतले. तिथे घराच्या मागे एक उतार आहे, ज्याला सगळे 'पडीक कुळागर' म्हणतात. आज तिथे काजू आहेत. लहानपणी आम्ही बोंडे वेचायला जायचो तेव्हा काजूच्या मुळांखाली दगडी पाटाची ओळ सरळ दिसायची, वळणावर बसवलेला सपाट दगड, पाणी अडवायची खाच. मामा एवढेच सांगायचे, "बंडाच्या वेळी माणसां गेली, मागीर कोणी पाट धरलो ना." ते कोणते बंड, त्यांनाही माहीत नव्हते. पाट बांधणाऱ्याने मात्र पन्नास वर्षांचा विचार करून तो बांधला होता, हे त्या दगडांकडे पाहून कळायचे.

तिसरे नुकसान आकड्यात धरता येत नाही. चाळीस वर्षांत तीनदा असे झाले की माणूस सहा-सात वर्षांनी फळ देणारे झाड लावायचे धाडस करत नाही. एका पावसात येणारी नाचणी पेरतो. गाय विकून बकरी घेतो, कारण बकरी हाकून रानात नेता येते. ही शहाणीच निवड आहे, पण अशा निवडींनी गाव श्रीमंत होत नाही.

६. पोर्तुगीज सरकारला बंडांची किती किंमत मोजावी लागली?

मोठी, आणि वाईट वेळी. १८७१ च्या शिपायांच्या उठावानंतर (प्रश्न ७) राजाचा भाऊ दों आगुश्त फौज घेऊन लिस्बनहून आला. १८९५ मध्ये इन्फांत दों आफोंस, म्हणजे पुन्हा राजघराण्यातलाच माणूस, लिस्बनची फौज घेऊन आला. एवढ्या लांबून जहाजे भरून शिपाई आणायचे, त्यांना सत्तरीच्या हिवतापाच्या रानात ठेवायचे, हा खर्च लहान वसाहतीच्या कंबरेवर बसणारा होता.

त्याआधीची तिजोरीची अवस्था पाहा. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्यातल्या मिठाचा ताबा इंग्रजांकडे गेला आणि बदल्यात गोवा सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. १८८० ते १८९२ ही बारा वर्षे तो तह चालला. मिठागरांची त्यात धूळधाण झाली, हा वेगळा विषय. १८९२ ला तह संपला तशी ती ठरलेली रक्कमही बंद झाली. तीन वर्षांत १८९५ चे बंड. पैसे असते तरी सत्तरीत रस्ते-शाळांवर ते खर्च झाले असते असे मी म्हणणार नाही. पण नसलेला पैसा फौजेवर गेल्यावर नव्या काबिजादींच्या वाट्याला काही उरायचा प्रश्नच नव्हता.

७. १८७१ मध्ये गोव्याचे सैन्य मोडले म्हणतात. त्याचा इथल्या लोकांवर काय परिणाम झाला?

वळवई येथील शिपायांच्या उठावानंतर पोर्तुगीज हिंदचे जुने सैन्य बरखास्त झाले. सैन्य म्हणजे अनेक घरांची बांधलेली रोख कमाई होती. नव्या काबिजादींतल्या मराठा कुटुंबांसाठी पगार, निवृत्तीवेतन आणि गावातला मान तिथून यायचा. ते दार अरुंद झाले. पुढे पुन्हा भरती झाली, पण पूर्वीची ती बेगमी राहिली नाही.

८. बंडामुळेच रेल्वे सत्तरीतून गेली नाही ना?

नाही. हा गैरसमज बऱ्याच जणांचा आहे. १८८० च्या दशकात बांधलेला मार्ग मुरगाव बंदरापासून मडगाव, सावर्डे, कुळे असा घाट चढून कॅसलरॉकला गेला. त्याचा हेतू ब्रिटिश हिंदुस्थानातला माल बंदरावर आणणे हा होता आणि मुरगावहून सरळ वाट तीच होती. सत्तरीत शांतता असती तरी रेल्वे तिथून गेली नसती. परिणाम मात्र खरा आहे. मडगाव-सावर्डे बाजूला मालाला वाट मिळाली, आणि सत्तरीचा काजू, सुपारी, गवत-लाकूड डोक्यावर, बैलावर आणि होडीवरच राहिले.

९. बंडांमुळे काही चांगले झाले का?

झाले, आणि ते सांगितले पाहिजे. दीपाजींशी १८५५ मध्ये समझोता झाला, १८९७ मध्ये गव्हर्नर जुआकीं माशादु यांच्या काळात सार्वत्रिक माफी मिळाली. करांत आणि हक्कांत सवलती पदरात पडल्या. बंड करणाऱ्या मुलखावर सरकार हात टाकताना दोनदा विचार करू लागले. वाळपईची तैनाती वाढली, तिच्यामागे रस्ता, दुकाने, बाजार आला. आजही वाळपई हे तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. फौजेच्या ठाण्याभोवती बाजार वाढणे ही गोव्यात नवी गोष्ट नव्हे.

पण सवलती कोणाला मिळाल्या, ते प्रश्न १० मध्ये.

१०. बंडात लढलेल्या साध्या कुळाला शेवटी काय मिळाले?

फार थोडे. हे लिहिताना मला त्रास होतो, कारण लढणाऱ्यांत आणि मरणाऱ्यांत तीच माणसे जास्त होती.

समझोता करायला बसतात ते पुढारी. सरकारला हवी असते शांतता, आणि ती द्यायची ताकद मोकासदाराकडे असते. म्हणून सरकार मोकासदाराचा हक्क पक्का करते. जितकी वेळा बंड आणि समझोता झाला, तितकी वेळा मोकासदार आणि सरकार यांच्यातले नाते नव्याने लिहिले गेले. मोकासदार आणि कूळ यांच्यातले नाते लिहायला कोणी कागदच काढला नाही. कुळाने तोंडी कसत राहायचे, तोंडी वाटा द्यायचा.

कूळ ज्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राहिले, तिच्यावर त्याचे नाव लागले नाही. नाव नाही म्हणून कर्ज नाही, विहीर नाही, पक्के घर नाही. सत्तरीच्या आर्थिक मागासलेपणात बंडांचा खरा वाटा मला इथे दिसतो. जाळलेली घरे दोन पावसाळ्यांत पुन्हा शाकारली गेली, पण न लिहिलेला हक्क शंभर वर्षे तसाच राहिला.

११. कुंकळ्ळीचा १५८३ चा लढाही याच धर्तीचा मानावा का?

प्रसंग वेगळा, काळ वेगळा, पण आर्थिक परिणाम समजायला फार उपयोगी. जुलै १५८३ मध्ये सासष्टीतल्या कुंकळ्ळीकरांनी देवळे मोडण्याच्या रागातून पाच जेझुइट धर्मगुरूंना ठार केले. पोर्तुगिजांनी गावच्या नायकांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून कापून काढले. त्यानंतर सरकारने गावांच्या जमिनी जप्त केल्या. कुंकळ्ळी आणि वेरोडा पोर्तुगीज सरदाराकडे गेली, पुढे तिथे कुंकळ्ळीचा कोंद (काउंट) असा किताबच तयार झाला. असोळणा, वेळ्ळी, आंबेली जेझुइटांकडे गेली.

सत्तरीशी तुलना करा. कुंकळ्ळीत जमीन गावकारांकडून काढून घेतली. सत्तरीत मोकासदाराकडे राहू दिली. एकीकडे शिक्षा, दुसरीकडे समझोता. दोन्हीकडे प्रत्यक्ष कसणारा माणूस शतकानुशतके दुसऱ्याच्या जमिनीवर राहिला.

१२. १७८७ चे पिंटोंचे बंड या यादीत का नाही?

तो कट उघडकीला आला आणि उठाव होण्याआधीच चिरडला गेला. त्यात मुख्यतः जुन्या काबिजादींतले धर्मगुरू आणि लष्करी अधिकारी होते. बढत्या आणि मानाचा प्रश्न त्याच्या मुळाशी होता. शेती-व्यापारावर त्याचा परिणाम शोधायला गेलो तर हाती काही लागत नाही.

१३. म्हणजे सत्तरी मागे राहिली ती बंडांमुळेच?

असे म्हणणे चुकीचे ठरेल. याची एक सोपी पडताळणी आहे, पेडण्याकडे पाहा. पेडणे नव्या काबिजादींतलेच, सत्तरीसारखी बंडे तिथे झाली नाहीत, जमीनदारी मात्र मोठी होती. मुक्तीच्या वेळी (१९६१) पेडण्याचे कूळही गरीबच होते, शाळा कमी, रस्ते कमी. काणकोणही तसेच. म्हणजे बंड नसतानाही नव्या काबिजादी मागेच राहिल्या. जमिनीची रचना आणि सरकारची उदासीनता ही सामाईक कारणे.

बंडांनी त्यावर भर घातली ती अशी : सरकारच्या नजरेत सत्तरी हा 'बंदोबस्ताचा' मुलूख बनला. बंदोबस्ताच्या मुलखात अधिकारी येतो तो शांतता राखायला, पीक वाढवायला नाही. व्यापारीही माल उधार द्यायला कचरतो. हिवताप होताच. पुढे डोंगराच्या एका टोकाला खाणी आल्या, पिसुर्ले-होंड्याच्या बाजूला पैसा आला, पाण्याचे आणि शेतीचे प्रश्नही आले. १९९९ मध्ये म्हादई अभयारण्य जाहीर झाले. प्रत्येक थराने आधीच्या थराचा गुंता वाढवला.

१४. आझाद गोमंतक दलाच्या सशस्त्र लढ्याने १९४७ ते १९६१ मध्ये गोव्याच्या अर्थव्यवस्थेवर काय परिणाम झाला?

१९४७ मध्ये विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी आणि सहकाऱ्यांनी दल उभे केले. पोलीस ठाणी, गस्ती, दळणवळण यांवर त्यांनी हल्ले केले. त्यांच्या धाडसाबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. पण राण्यांच्या बंडासारखे त्यांनी एखादा तालुका महिनोन् महिने ताब्यात ठेवला नाही, त्यामुळे शेतीचे तसे नुकसान झाले नाही.

त्या काळात सामान्य घराला झळ बसली ती भारत सरकारच्या आर्थिक नाकेबंदीची. १९५४-५५ पासून माल, माणसे आणि पैसे यांची ये-जा अडली, १९५५ मध्ये रेल्वे थांबली. गोव्याची कितीतरी चुलीवरची भांडी मुंबईच्या पगारावर चालत होती, ती मनीऑर्डर अडकली. तांदूळ गोव्यात पुरेसा कधीच पिकत नव्हता. तो लांबून समुद्रमार्गे आणावा लागला. आमच्या शेजारच्या आजी सांगायच्या, त्या दिवसांत कांदे-बटाटे परदेशी आणि महाग, आणि घाटावरून चोरून आलेले स्वस्त.

गोव्याची तिजोरी तरीही कोसळली नाही, कारण त्याच वर्षांत लोहखनिजाची निर्यात झपाट्याने वाढत होती. मांडवी-झुआरीतून बार्जी मुरगावला जाऊ लागल्या. म्हणजे नाकेबंदीने जो रोजगार बुडाला तो काही प्रमाणात खाणीने उचलला. आज गोव्यात खाणीवरून जो वाद होतो त्याची पाळेमुळे त्या दशकात आहेत.

१५. मुक्तीनंतर मोकाशाच्या जमिनींचे काय झाले? कूळ कायद्याने प्रश्न सुटला नाही का?

अर्धा सुटला. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्या कुळाला मालक मानण्याचा रस्ता खुला केला. १९७५ चा मुंडकार कायदा (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) घरापुरता आधार देणारा. बारदेश-सासष्टीच्या खाजनात (बांध घालून खारे पाणी अडवलेल्या जमिनीत) आणि भातशेतात याचा मोठा फायदा झाला.

सत्तरीत अडचण अशी की कूळ म्हणून नाव लागायला कुठेतरी लेखी नोंद हवी. प्रश्न १० मध्ये लिहिले तसे तिथे नोंदच नव्हती. त्यात कुमेरीची जमीन रान म्हणून, काजूची जमीन सरकारी म्हणून, काही जमीन आफ्रामेंतची (अटींवर कायम पट्ट्याने दिलेली), काही अल्वाराची (सरकारी परवान्याने दिलेली). सर्व्हे झाला तेव्हा एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर अनेकांच्या जमिनीला दुसऱ्याचे नाव लागले, नाहीतर सरकारचे.

सत्तरीतल्या शेळ-मेळावली गावाचा प्रसंग आठवत असेलच. आयआयटीसाठी जागा ठरली ती गावकऱ्यांच्या काजूच्या बागायतीतून जाणारी. कागदावर ती सरकारी, गावाच्या मते पिढ्यान् पिढ्या त्यांची. लोक, विशेषतः बायका, उभ्या राहिल्या. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने ती जागा सोडल्याचे जाहीर केले. संस्था चांगली की वाईट, हा वाद तिथे नव्हताच. "आमची जमीन आमच्या नावावर का नाही?" एवढेच लोक विचारत होते.

१६. राणे देशभक्त की लुटारू? पोर्तुगीज कागदात त्यांना दरोडेखोर म्हटले आहे.

शासन बंडखोराला नेहमीच दरोडेखोर म्हणते, म्हणून त्या कागदातला शब्द जसाच्या तसा उचलू नये. पण बंडाच्या वाटेवर आलेल्या केपे, काणकोण, डिचोलीच्या दुकानदाराला आणि बारदेशातल्या भाटकाराला (जमीनदाराला) आपले भात, रुपये, सोने गेलेले आठवते, हेही खरे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. माझ्या मते ते परकीय सत्तेविरुद्ध लढले आणि स्वतःच्या मोकाशासाठीही लढले. हे सांगितल्याने त्यांचा मान कमी होत नाही.

१७. आजच्या गडचिरोलीशी सत्तरीची तुलना करता येईल का?

जपून. रान, सीमा, आदिवासी-शेतकरी, रानावरचा सरकारचा ताबा, खनिज, हे सगळे ओळखीचे वाटते. मुख्य फरक असा की राण्यांना गावात आधीपासून सत्ता होती, ते वसुली करणारे घराणे होते. नक्षली चळवळ बाहेरून आलेल्या विचारावर उभी राहिली. साम्य आहे ते शेवटी कागदाचे. ज्या गावात हक्काची नोंद पक्की होते तिथे बंदूक आणि फौज गेल्यावर माणूस झाड लावतो. जिथे होत नाही तिथे तो वाट पाहतो.

१८. आमच्या पेटीत पोर्तुगीज काळातला कागद सापडला आहे. त्याचा जमिनीच्या दाव्यात उपयोग होईल का?

होऊ शकतो, पण कागद कोणता आहे त्यावर सगळे अवलंबून. मात्रीज म्हणजे करासाठीची नोंद. कोणी सारा भरला हे त्यातून कळते, मालकी एकट्या त्याने सिद्ध होत नाही. इन्स्क्रिप्सांव-दिस्क्रिप्सांवचे दाखले जमीन नोंदणीतले, ते जास्त वजनाचे. आफ्रामेंतचा कागद असेल तर त्यातल्या अटी वाचून घ्या, कारण अट पाळली नाही तर हक्क गेला असे बऱ्याच कागदात लिहिलेले असते. मोकाशाचा कागद मिळाला तर तो कोणत्या गावाचा आणि वसुलीचा की जमिनीचा, हे आधी पोर्तुगीज जाणणाऱ्याकडून वाचून घ्या.

जुने दप्तर पणजीतल्या पुराभिलेख खात्यात आहे. हा दफ्तरखाना १५९५ पासूनचा आहे, तेव्हा धीर धरून शोधा. गावाचे जुने पोर्तुगीज स्पेलिंग माहीत असल्याशिवाय जाऊ नका. सत्तरीतल्या एकाच गावाची तीन-तीन स्पेलिंगे आढळतात.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. एका कचेरीत आमच्या आजोळच्या गावाची नोंद मागितली तेव्हा, "असे गाव नाहीच" असे उत्तर आले. गाव होते, फक्त शेवटचे अक्षर वेगळे होते. तीन फेऱ्या वाया गेल्या. चौथ्या वेळी मी जुना नकाशा घेऊन गेलो, बोट ठेवून गाव दाखवले, आणि मग वही निघाली. त्या वहीत, पानाच्या कडेला, मामांच्या आजोबांचे नाव होते. जमिनीच्या मालकाच्या रकान्यात नव्हे, 'कसणारा' म्हणून, एका ओळीत.

१९. म्हादई अभयारण्यात आमची काजूची जमीन आहे. वनहक्क कायद्याचा दावा करता येतो का?

येतो. २००६ चा वनहक्क कायदा अभयारण्यातही लागू आहे. अनुसूचित जमातीच्या कुटुंबाने १३ डिसेंबर २००५ आधीपासूनचा ताबा दाखवायचा, इतर पारंपरिक वननिवासी कुटुंबाने त्या तारखेआधीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य. दावा ग्रामसभेपासून सुरू होतो. जुनी झाडे, दगडी पाट, देवराईची वहिवाट, म्हाताऱ्यांची साक्ष हे सगळे पुराव्यात धरता येते. तेव्हा घरातल्या ऐंशी-नव्वदीच्या माणसांकडून आत्ताच, तारीख टाकून, लिहून घ्या. मागच्या पावसाळ्यात आमचे मामा गेले. पडीक कुळागराच्या पाटाबद्दल त्यांच्याकडून लिहून घ्यायचे राहून गेले.